कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडरचे रबर ट्रॅक बदलले: नोंदी, एप्रिल ते जुलै २०२५

६ एप्रिल, अवरमीटर २,१८४

आमचा लोडर चाकांऐवजी दोन रबरी पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, चालतो. त्याच्या डाव्या ट्रॅकच्या तारा उघड्या पडल्या. पिरंगुटच्या प्लॉटवर राडारोडा भरताना बाहेरच्या कडेचं रबर वीतभर सुटलं आणि आतली स्टीलची दोरी दिसायला लागली. भेगा मागच्या पावसाळ्यापासून होत्याच. गेल्या आठवड्यात मशीन धुतलं तेव्हा त्या भेगांतून तांबूस पाणी ओघळत होतं. कोरड्या भेगा बरेच दिवस निभावतात, पण गंजाचं पाणी आलं की ओल तारांपर्यंत पोचली असं धरायचं.

मशीन साडेतीन टनी, परदेशात वापरून आलेलं. मी घेतलं तेव्हा मीटर १,०२० वर होता आणि ट्रॅक नुकतेच घातलेले होते, म्हणजे या जोडीने ११६४ तास दिले. काम बागांचं आणि फार्महाउसच्या जमिनीचं: लेव्हलिंग, माती-मुरूम पसरणं, राडारोडा उचलणं.

नव्या ट्रॅकचा लग, म्हणजे बाहेरचा रबरी उंचवटा, साधारण २५ मिमी उंच असतो. आज मोजले तर उजवीकडे ९ ते ११ आणि डावीकडे ६ ते ८ मिमी भरले. नऱ्ह्याच्या यार्डात फाटकातून आत आलं की सिमेंटच्या कोब्यावर जागच्या जागी डावीकडे गरकन वळावं लागतं. रोज दोनदा. डाव्याची वाट तिथे लागली, असा माझा अंदाज.

ऑपरेटर म्हणाला, "ताई, डावा एकच घ्या. उजवा अजून सहा महिने ओढेल." नाही जमत. एका बाजूला २५ चा लग आणि दुसऱ्या बाजूला १० चा, म्हणजे मशीन पंधरा मिलिमीटर कलणार. खड्डे खणायला चालेल, पण लॉनच्या लेव्हलिंगला बकेटची एक कड कायम खाली राहील. जोडीच घ्यायची.

९ एप्रिल

साइझ काढला. डाव्यावरचा छाप झिजून गेलाय. उजव्याच्या आतल्या बाजूला ब्रशने घासल्यावर दिसला: ३२०×८६×४९. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा पिच, म्हणजे आतल्या एका लोखंडी कोअरपासून पुढच्या कोअरपर्यंतचं अंतर. तिसरा कोअरची संख्या.

छाप दिसला तरी मोजून घ्यावं, कारण आधीच्या मालकाने काय घातलं असेल याचा भरवसा नाही. एक पिच मोजायला गेलं की टेप दोन-तीन मिलिमीटरची थाप मारतो. म्हणून दहा पिच एकदम मोजले, ८६० आले, दहाने भागले. कोअर मोजताना पहिल्या कोअरवर खडूची खूण करून मशीन हळूहळू पुढे घेतलं. आतली बाजू मोजायची. बाहेरच्या रबरी लगांची संख्या पॅटर्नप्रमाणे बदलते, ती कोअरइतकी असेलच असं नाही. या एका गोष्टीवरून पुढे काय झालं ते १७ मेच्या नोंदीत आहे.

८६ गुणिले ४९ म्हणजे ४,२१४ मिमी. सव्वाचार मीटरचा सलग पट्टा.

१५ एप्रिल

नाना पेठेत चौकशी केली. वेळ गेला. पुण्यात छोट्या लोडरला लोक सरसकट बॉबकॅट म्हणतात आणि ही मशिनं बहुतेक चाकांची असतात, त्यामुळे दुकानदार १२-१६.५ चा टायर पुढे करतो. तो टायर कुठेही मिळतो, किंमतही आवाक्यात. ट्रॅकवाल्या मशीनचे लाड वेगळे.

"रबर ट्रॅक" म्हटलं की ज्यांना कळतं, त्यांच्या डोळ्यापुढे मिनी एक्स्कॅव्हेटर असतो. एकाने ठामपणे ३००×५२.५ दाखवला. "ताई, वीस मिलिमीटरनं काय फरक पडतो?" पिच ८६ आणि ५२.५, ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, म्हणजे स्प्रॉकेटचा, दात बसायचाच नाही. त्याच ओघात त्यांच्याकडून एक कामाची गोष्ट कळली: ३००×५२.५ मध्येही एन, डब्ल्यू, के असे प्रकार असतात, आतल्या गाईडची ठेवण वेगळी असते आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मिनी एक्स्कॅव्हेटरवाल्यांनी आकड्यांच्या पुढचं अक्षरही लिहून न्यावं.

शिवाय एक्स्कॅव्हेटर दिवसभर एका जागी उभा राहून खणतो. लोडर दिवसभर पळतो, गिरक्या घेतो. दोघांच्या ट्रॅकवर पडणारा ताण सारखा नसतो, म्हणून लोडरसाठी बनवलेलाच ट्रॅक हवा.

१९ एप्रिल

कोटेशनं आली. सगळे दर एका ट्रॅकचे, जीएसटी १८ टक्के वेगळा.

कंपनीचा ओरिजिनल १,४२,००० रुपये, माल यायला दोन महिने. नवी मुंबईच्या एका आयातदाराकडे दोन प्रतींचा माल: एक ८८,००० ची, एक ६९,००० ची, दोन्ही स्टॉकमध्ये असल्याचं सांगितलं.

८८ आणि ६९ मधला फरक फोनवर कोणी नीट सांगेना. दोन प्रश्न विचारत राहिले. पहिला: आतली तार सलग गुंडाळलेली आहे की टोकं एकमेकांवर चढवून जोडलेली? जोड असला तर तोच कच्चा दुवा. ८८ वाल्याचं उत्तर लेखी आलं, सलग. ६९ वाल्याचं "चांगला माल आहे मॅडम" एवढंच. दुसरा प्रश्न: वजन किती? हा प्रश्न मला भोसरीच्या एका जुन्या फिटर काकांनी शिकवला. साइझ तोच, पॅटर्न तोच आणि वजन कमी, तर रबर किंवा लोखंड कुठेतरी खाल्लंय. ८८ वाला १६२ किलो, ६९ वाला १३८. चोवीस किलोंचा हिशोब मला पटला नाही.

वॉरंटीचा कागद वाचून घ्यावा. यात तार तुटणं आणि कोअर निखळणं आहे. कापणं, टवके उडणं, झीज यातलं काही नाही. पुण्याच्या काळ्या दगडात ट्रॅक मरतो तो बहुधा कापूनच. तेव्हा वॉरंटीचे महिने बघून किंमत ठरवू नये.

तासाचा हिशोब, जीएसटी सोडून (तो मला क्रेडिटमध्ये मिळतो): ८८ ची जोडी १,७६,०००. मागच्या जोडीइतकेच ११६४ तास चालली तर तासाला १५१ रुपये. ओरिजिनलची जोडी २,८४,०००, तेवढ्याच तासांना २४४. बरोबरी साधायला ओरिजिनलने जवळपास १,८८० तास दिले पाहिजेत. स्वच्छ मातीत काम असतं तर कदाचित दिले असते. राडारोड्यात नाही देणार.

२० एप्रिल

मोशीच्या बाजूला एका यार्डात याच साइझची जुनी जोडी आहे असं कळलं. लग १८ मिमी, पंचेचाळीस हजारांना जोडी. दिसायला छान. पण अंगठ्याचं नख लगाच्या बुडाशी दाबलं की बारीक भेगा उघडत होत्या, आणि जोडी किती तरी दिवस घडी घालून उन्हात टाकलेली होती. घडीच्या जागी पट्टा कायमचा मुडपलाय. रबर वापराने झिजतं तसं उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने नुसतं पडून राहूनही म्हातारं होतं. मुडपलेल्या ठिकाणी आतल्या तारेचं काय झालं असेल ते बाहेरून कळायला मार्ग नाही. सोडली.

२२ एप्रिल

नवे घेण्याआधी दुरुस्ती करून बघायचं ठरलं. भोसरी एमआयडीसीत रबर मोल्डिंगचा एक गाळा आहे, तिथे कन्व्हेअर बेल्टचे जोड करतात. डाव्या ट्रॅकची सुटलेली कड घासून, नवं रबर लावून, गरम साच्यात दाबून व्हल्कनाइझ करून देतो म्हणाले. १४,००० रुपये. गाळेवाल्या काकांनी आधीच सांगितलं, "तार गंजली असेल तर माझी काही गॅरंटी नाही." हातात मोठी ऑर्डर होती, महिनाभर जरी निघाला तरी पैसे वसूल, असा विचार.

२९ एप्रिल, २,१९६

सुटलं. बारा तासांत. त्याच पिरंगुटच्या प्लॉटवर, आणि नवं रबर पूर्ण चकतीसारखं निघून हातात आलं. आतल्या बाजूला गंजाचा तपकिरी थर छापल्यासारखा चिकटलेला. तारांवर पितळेचा मुलामा असतो, रबर त्यालाच धरतं. गंजाने मुलामा गेला की रबराला धरायला काही उरत नाही. काकांनी चूक काही केली नाही. रबराचा टवका उडाला असेल आणि तारा अजून चकचकीत असतील तर हे काम टिकू शकेल. गंज दिसला की त्यात पैसे घालू नयेत.

मशीन उभं केलं. आजपासून बाहेरचं मशीन भाड्याने, तासाला ११०० रुपये.

२ मे

पॅटर्न कोणता, यावर तीन दिवस घरात, साइटवर आणि चहाच्या टपरीवर वाद.

आयातदाराकडे या साइझमध्ये तीन: ब्लॉक, सी आणि झिगझॅग. ब्लॉक म्हणजे मोठे चौकोनी ठोकळे, जमिनीला टेकणारं रबर जास्त, त्यामुळे डांबर, सिमेंट, खडी यांवर सावकाश झिजतो. पण ठोकळ्यांमधली जागा अरुंद, चिखल भरला की निघत नाही. सीचे लग इंग्रजी सी अक्षरासारखे, कडा जास्त, पकड बरी, मधला मार्ग. आमच्या जुन्या जोडीला हाच होता. झिगझॅग चिकण मातीत राजा, चिखल आपोआप झटकतो, पण लग बारीक आणि मधे मोकळी जागा जास्त, दगडावर टवके उडतात.

ऑपरेटरला झिगझॅग हवा होता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: "ताई, पाऊस तोंडावर आलाय. यवतला काळ्या मातीत मागच्या वर्षी काय झालं ते मी बघितलंय, तुम्ही गाडीत बसला होता."

मग डायरी काढली. मागच्या वर्षभरातल्या कामांपुढे जमीन लिहीत गेले. निम्म्याहून जास्त तास मुरूम आणि राडारोडा. त्याखालोखाल बाणेर-बावधनचे बंगले: रस्त्यावरून, पेव्हर ब्लॉकवरून आत जायचं आणि लाल माती पसरायची. काळ्या मातीतलं ओलं काम वर्षाच्या तासांत अगदी थोडं. फक्त लक्षात राहतं, कारण तिथे मशीन रुततं आणि सगळ्यांचा दिवस वाया जातो.

रबर खाणारी जमीन कुठली, ती बघून पॅटर्न घ्यायचा, असं मी ठरवलं. मशीन रुतलं तर एक दिवस जातो. मुळशीच्या काळ्या दगडाचा तुकडा लगात शिरला तर ट्रॅक जातो. ब्लॉक घेतला. ऑपरेटर दोन दिवस फुगून होता.

वाद इथे संपला नाही. धाकट्या दिराने रुंदीचा मुद्दा काढला: या मशीनला ४०० मिमी रुंद ट्रॅकही बसतो, मग तोच का नको? हिशोब करून बघितला. जमिनीला टेकणारी लांबी सुमारे १४० सेंमी. ३२० च्या दोन ट्रॅकवर साडेतीन टन म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.३९ किलो, ४०० वर ०.३१. चिखलात हा फरक जाणवतो. पण बाहेरच्या कडा दोन्हीकडे चार-चार सेंटिमीटर वाढल्या तर आमची बकेट ट्रॅकपेक्षा अरुंद होते. मग भिंतीलगत खणताना ट्रॅक आधी भिंतीला लागणार आणि सांडलेल्या खडीवर चढणार. शिवाय जुन्या बंगल्यांची साइड मार्जिन आणि फाटकं बघता आठ सेंटिमीटर म्हणजे काम मिळणं आणि न मिळणं. ३२० च.

५ मे

ट्रॅक मागवण्याआधी खालचा सगळा सांगाडा तपासून घेतला. फिटर काका यार्डात आले. ज्यांना फक्त ट्रॅकच्या किमती बघायच्या होत्या, त्यांनी निदान ही नोंद वाचावी.

मशीन फ्रेमखाली लाकडी ठोकळे आणि स्टँड लावून उचललं. खालचे रोलर एकेक हाताने फिरवले. डावीकडचा मधला एक घरघरत होता, उजवीकडचा एक पहारीने उचलला की खाली-वर हलत होता आणि सीलभोवती तेलात कालवलेली माती. दोन रोलर बदलायचे ठरले. आयडलर, म्हणजे पुढचं बिनदाती चाक, तूर्त ठीक.

स्प्रॉकेटवर मात्र सगळं अडलं. दात एका बाजूला वाकून हुकासारखे झालेले. मी ऐकून होते की अशा वेळी डावं-उजवं स्प्रॉकेट अदलाबदल करायचं. पुढे जाताना दाताची एकच बाजू झिजते, बदलल्यावर दुसरी कोरी बाजू कामाला येते. काकांनी टॉर्च मारला आणि हसले. "हे आधीच कोणीतरी करून झालंय. दोन्हीकडून खाल्लंय बघा." खरंच, दात पाकळीसारखे टोकदार झालेत.

अशा स्प्रॉकेटवर नवा ट्रॅक चढवला तर दात कोअरच्या खिडकीत (दोन कोअरमधल्या भोकात) नीट बसत नाही, घसरून उडी मारतो आणि नव्या कोअरला घासतो. दीड-दोन लाखांची जोडी वाया घालवायचा हा खात्रीचा रस्ता. नवे स्प्रॉकेट आयातदाराकडे ३१,००० ला एक, स्टॉकमध्ये नाहीत, दीड महिना.

स्प्रॉकेट भोसरीत बनवून घेणार. हे पुण्याचं सुख. प्लेटमधून प्रोफाइल कापणारे, व्हीएमसी या संगणकीय मशीनवर भोकं मारणारे आणि इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून पृष्ठभाग कडक) करणारे एकाच भागात मिळतात.

९ मे

८८,००० वाल्या ब्लॉकची ऑर्डर दिली, निम्मे पैसे ॲडव्हान्स. व्हॉट्सॲपवर साइझ आकड्यांत, अक्षरांत आणि जुन्या छापाचा फोटो असं तिन्ही पाठवलं.

१२ मे

स्प्रॉकेटवाल्याने जुन्या दाताचा कागदावर छाप घेतला आणि म्हणाला, परवा देतो. थांबवलं. झिजलेल्या दाताची नक्कल म्हणजे झिजलेलाच नवा दात. दाताचं बूड अजून शाबूत आहे, भोकांचं वर्तुळ आहे. पण दाताची जाडी आणि कडेचा उतार कोअरच्या खिडकीवरून ठरवावा लागणार, आणि जुन्या ट्रॅकच्या खिडक्या झिजून मोठ्या झाल्यात. नवा ट्रॅक आला की त्यावरून माप घेऊ. आमच्या स्प्रॉकेटला १५ दात. ८६ पिच धरला की पिच सर्कलचा, म्हणजे दातांवर कोअर बसतात त्या वर्तुळाचा, व्यास ४१३.६ मिमी येतो. तेवढं त्याने लिहून घेतलं.

१७ मे

माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आला. उतरवून घेण्याआधी टेम्पोतच आतल्या कोअर मोजल्या. ५२.

पुन्हा मोजल्या. ५२. तीन कोअर जास्त म्हणजे २५८ मिमी जास्त लांबी. ट्रॅक ताणणाऱ्या टेन्शनरची सगळी कांडी बाहेर काढली तरी एवढी ढील निघत नाही. फोनवर पलीकडचा म्हणाला, आमच्या माणसाने मोजूनच पाठवलाय. त्याने मोजले होते बाहेरचे लग. बिलावरही ४९ च लिहिलेलं.

अर्धा तास फोनवर गेला. शेवटी बदलून द्यायचं आणि दोन्ही बाजूंचं भाडं त्यांनीच द्यायचं कबूल झालं. मात्र परतीची गाडी यायला आठवडा लागणार, तोवर जोडी आमच्याच यार्डात.

त्यातून एक बरं निघालं. कोअरची संख्या चुकली तरी कोअर तीच, पिच तोच. स्प्रॉकेटवाला दुसऱ्या दिवशी व्हर्निअर घेऊन आला आणि चुकीच्या ट्रॅकच्या कोऱ्या खिडक्यांवरून सगळी मापं घेऊन गेला. पुठ्ठ्याचं टेंप्लेट कापून खिडकीत बसवूनही बघितलं.

२६ मे

मान्सून आला. मे महिन्यात. आधीचे काही दिवसही रोजच बरसत होता. बाहेरच्या मशीनचं भाडं चालू, आणि निम्म्या साइटवर चिखलामुळे काम बंद.

संध्याकाळी बरोबर ट्रॅक आले. ४९. मी मोजले, ऑपरेटरने मोजले, टेम्पोवाल्यानेही मोजले. गुंडाळी सैल होती, कुठे मोडल्याची खूण नाही. आडवे ठेवून वर ताडपत्री टाकली.

२८ मे

स्प्रॉकेट मिळाले. ईएन-८ पोलाद, दातांवर इंडक्शन हार्डनिंग, तपासणीत कडकपणा ५० एचआरसीच्या वर. एकाचे १७,५०० अधिक जीएसटी. नव्या ट्रॅकच्या खिडकीत दात घालून पाहिला, दोन्हीकडे थोडी मोकळीक आहे, हवी तशी.

२९ मे

चढवले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मधे पावसात दीड तास ताडपत्रीखाली.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी: ट्रॅकचा ताण ग्रीसच्या सिलिंडरवर असतो. सैल करायला ग्रीसचा व्हॉल्व्ह अगदी थोडा, पाव-अर्धा फेरा सोडायचा आणि ग्रीस आपोआप बाहेर येऊ द्यायचं. व्हॉल्व्ह पूर्ण काढायचा नाही आणि त्याच्या समोर तोंड नेऊन बघायचं नाही. आतल्या दाबाने तो गोळीसारखा सुटू शकतो. काकांनी ऑपरेटरच्या पोराला, जो मदतीला म्हणून आला होता, यार्डाच्या पलीकडेच उभं केलं.

उजवीकडचं ग्रीस बाहेर येईना. जुनं ग्रीस मातीत मिसळून घट्ट झालेलं. आयडलरवर लाकडी ओंडका ठेवून पहारीने दाब दिला, हळूहळू निघालं. याला तास गेला.

जुना ट्रॅक आधी पुढच्या आयडलरवरून पहारीने बाहेर ढकलला, मग मागून सुटला. मग रोलर, मग स्प्रॉकेट. बोल्ट नवे, टॉर्क रेंचने. नवा ट्रॅक चेन ब्लॉकला टांगून आधी मागे स्प्रॉकेटच्या दातांत बसवला, मग पुढे आयडलरवर. १६२ किलोंचा पट्टा हाताने ओढायचा हट्ट करू नये. दोन माणसं आणि चेन ब्लॉक पुरतात, चार माणसं आणि हिंमत पुरत नाही. ट्रॅक आयडलरवर अर्धा चढला की ऑपरेटरने अगदी कणाकणाने फिरवायचा, आणि त्या वेळी कोणाचीही बोटं आत नकोत.

ताण मॅन्युअलप्रमाणे, मशीन उचललेलं असताना मधल्या रोलरखालची झोळ मोजून ठरवला. काका सवयीने तारेसारखा कसायला निघाले होते. फार कसला तर बेअरिंगवर भार येतो आणि इंजिनची ताकद ट्रॅक फिरवण्यातच जाते. सैल ठेवला तर उतारावर वळताना निघतो.

२ जून

पहिल्या दहा तासांनंतर ताण पुन्हा मोजला. डावा बराच सैलावलेला, उजवा थोडा. ग्रीस भरलं. स्प्रॉकेटचे बोल्टही तपासले, एक पाव फेरा आवळला गेला.

आजवरचा खर्च, जीएसटीसह: ट्रॅकची जोडी २,०७,६८०. स्प्रॉकेटची जोडी ४१,३००. दोन रोलर २१,७१२. फिटर ६,०००. पाण्यात गेलेली दुरुस्ती १४,०००. आमच्या वाटची वाहतूक ६,५००. बेरीज २,९७,१९२. बाहेरच्या मशीनचं भाडं ३८,५०० वेगळं. ट्रॅक बदलायला किती लागतात असं कोणी विचारलं, तर ट्रॅकच्या किमतीवर निदान तिसरा हिस्सा वर ठेवा म्हणून सांगते.

१२ जून

यवत. काळी माती, वरून रात्रभर पाऊस. ऑपरेटरचं म्हणणं खरं ठरलं. मशीन रुतलं नाही, पण पंधरा मिनिटांत ठोकळ्यांमधल्या फटी भरून पट्टा गुळगुळीत झाला आणि भरलेली बकेट ढकलताना जागच्या जागी घसरायला लागला. दोन वेळा खाली उतरून फावड्याने फटी मोकळ्या केल्या. उपयोग नाही. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

शेतकऱ्याला सांगितलं, वाफसा आला की येतो. ते म्हणाले, "आम्हीपण बैल घालत नाही अशात, तुम्ही मशीन घालता." काम पुढे ढकललं. झिगझॅग असता तर आज काम झालं असतं, हे मान्य. तरी परत घ्यायची वेळ आली तर ब्लॉकच घेईन, आणि पावसाळ्यात काळ्या मातीची कामं कोटेशन देतानाच वाफशावर ठेवीन.

२० जून

दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, ट्रेलर हलवता येत नाही. मशीन यार्डात; रोलर-आयडलरभोवतीचा चिखल खरवडून धुतलं. हा चिखल वाळून दगड होतो आणि सील खातो, तेव्हा रोज संध्याकाळी काढायचा असा नियम केलाय. ऑपरेटर अजून तरी पाळतोय.

८ जुलै, २,३०१

नव्या जोडीचे १०५ तास झाले. लग दोन्हीकडे २३.५ मिमी, डावा-उजवा फरक नाही. याचं श्रेय फाटकाला: आता मशीन उलटं आत आणतो आणि वळायचं ते मागे-पुढे करून, कोब्यावर जागच्या जागी गिरकी बंद. पिरंगुटच्या राडारोड्यात उजव्या ट्रॅकच्या दोन ठोकळ्यांना बोटभर काप पडलेत, तारेपर्यंत नाहीत. स्प्रॉकेटच्या दातांवर घासल्याची चकाकी दोन्ही बाजूंना सारखी आहे, म्हणजे माप जमलं.

ताण पन्नास तासांनी एकदा भरला, त्यानंतर हललेला नाही. उजव्या आयडलरच्या सीलपाशी तेलाचा ओलावा दिसतोय. ५ मे ला तो कोरडा होता. सील किट भोसरीत सांगितलंय, २,८०० रुपये, आणि ते बसवायला ट्रॅक पुन्हा उतरवावा लागणार आहे.